दोन घाट आणि एक आडनाव

थोरलीला बँकेत नोकरी लागली आणि पहिलीच नेमणूक महाडला आली. भोरहून महाड पाऊणशे-ऐंशी किलोमीटर. मध्ये वरंधा घाट. तिनं पत्र वाचलं आणि त्याच दमात सांगून टाकलं की ती तिथं खोली घेऊन राहील आणि शनिवारी-रविवारी मोटरसायकलवरून घरी येईल.

तिच्या अम्मीनं दोन दिवस काही म्हटलं नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना तिनं तारखा काढल्या. २०१६ च्या ऑगस्टमध्ये महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल रात्री वाहून गेला आणि त्याच्याबरोबर एसटीच्या दोन गाड्या गेल्या. २०१८ च्या जुलैत आंबेनळी घाटात सहलीची बस कोसळली, एकच माणूस वाचला. २०२१ च्या जुलैत महाड तालुक्यातल्या तळीयेवर दरड आली, ८० हून अधिक माणसं गेली. माझ्या बायकोला किराणा मालाची यादी लक्षात राहत नाही, पण हे सगळं तोंडपाठ होतं.

पोरगी म्हणाली, "अम्मी, तू सांगितलेलं सगळं पावसाळ्यातलं आहे. पावसाळ्यात मी एसटीनं येईन."

यावर उत्तर नव्हतं. मग ठरलं असं, की मी तिच्याबरोबर एक दिवस जायचं. जाताना वरंधा, येताना पोलादपूरवरून आंबेनळी, महाबळेश्वर, वाई आणि मांढरदेवीवरून परत भोर. वरंधा दरडींमुळे बंद असला की दुसरा रस्ता हाच. दोन्ही रस्ते बघायचे, महाडात खोली बघायची आणि मी घरी येऊन निकाल द्यायचा. दोनशे किलोमीटरच्या आसपासचा फेरा. मी माझ्या जुन्या स्प्लेंडरवर, ती तिच्या दीडशे सीसीवर.

नोव्हेंबरचा पहिला रविवार होता. फजर पढून निघालो. भोरच्या बाहेर पडलो तेव्हा हात गारठले होते. निगुडघर मागं पडलं, नीरा-देवघरचं पाणी रस्त्याच्या कडेनं दिसायला लागलं, त्यावर वाफ तरंगत होती. भात कापणी चालू होती. कापलेल्या खाचरांत पेंढ्या ओळीनं उभ्या होत्या आणि हिर्डोशीपर्यंत रस्त्याला ओल्या पेंढ्याचा वास येत होता. ही नीरा शिरगावाजवळ उगम पावते आणि पूर्वेकडं भीमेला मिळायला जाते. शिरगावाच्या पुढं खिंड ओलांडली की पडलेला प्रत्येक थेंब सावित्रीतून अरबी समुद्राला जातो. मी तरुणपणी या रस्त्यानं अनेकदा गेलो आहे, पण तेव्हा कुणाच्या मागं राहून गाडी चालवायची वेळ आली नव्हती.

मी मुद्दाम मागं राहिलो होतो. ती कशी चालवते ते बघायचं होतं. तेवढ्यासाठीच तर आलो होतो.

वाघजाईपाशी थांबलो. देवीचं देऊळ, भजीच्या टपऱ्या, कठड्यावर माकडं आणि समोर तळकोकणापर्यंत उतरत गेलेल्या डोंगरसोंडा. चहा सांगितला, भजी सांगितली. शेजारच्या बाकावर गाडीतून आलेलं एक कुटुंब होतं. त्यातल्या गृहस्थांनी बाप-लेक दोन गाड्यांवर बघून कौतुक केलं. कुठले, काय करता, असं विचारता विचारता नाव विचारलं. मी आडनाव सांगितलं.

इथं थोडं थांबून सांगायला हवं. आपल्यात काही आडनावं अशी आहेत की नुसती ऐकली तर धर्म कळत नाही. इनामदार, पाटील, देशमुख, चौधरी. आमचं आडनाव त्यातलंच. नोकरीच्या पहिल्या वर्षांपासून मला एक सवय लागली. प्रवासात कुणी नाव विचारलं तर आडनाव तेवढं सांगायचं. खोटं काहीच बोलायचं नाही. पुढचं समोरचा आपण होऊन धरून चालतो. १९९३ च्या जानेवारीत एसटीनं प्रवास करताना ही सवय कामाला आली होती, तेव्हापासून ती अंगात मुरली. आता तर मी ते ठरवून करतो असंही नाही. तोंडातून तेवढंच बाहेर पडतं.

त्या गृहस्थांनी नेहमीप्रमाणं धरून चालायचं ते धरलं. मग मोकळे झाले. अमुक लोकांकडून काही विकत घेऊ नये, आपल्या पोरींना जपायला हवं, तुमच्यासारख्या सुशिक्षितांनी तरी हे चार लोकांना सांगितलं पाहिजे, असं बरंच. आवाजात राग नव्हता. घरच्या माणसाला सांगावं तसं सांगत होते. मी "हं, हं" करत राहिलो. आडनावाची ही किंमत मला जुनी ठाऊक आहे. ते तुम्हाला मारापासून वाचवतं, पण जे तुमच्या पाठीमागं बोललं जातं ते तोंडावर ऐकायला लावतं.

पोरीनं भजीची बशी खाली ठेवली, पैसे दिले आणि गाडीपाशी जाऊन हेल्मेट घातलं. मला काही म्हणाली नाही.

उतार सुरू झाला. घाट चढणं सोपं असतं, परीक्षा उतरताना असते. बरेच जण गाडी न्यूट्रलवर सोडून देतात, पेट्रोल वाचतं म्हणून, किंवा सगळा उतार मागच्या ब्रेकवर पाय दाबून धरतात. मग ब्रेक तापतो आणि ऐन वळणावर धरत नाही. ती दुसऱ्या गिअरवर उतरत होती. गाडीला इंजिनच आवरत होतं. वळणाआधी वेग कमी, वळणात ब्रेकला हात नाही, आंधळ्या वळणावर हॉर्न. खालून ट्रक येताना दिसला की ती रुंद जागा बघून आधीच थांबायची, कारण चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची असते. हे तिला मी शिकवलेलं नव्हतं. मी शिकवलं होतं ते फक्त क्लच सोडणं, तेही भोरच्या मैदानावर, ती कॉलेजात असताना.

माझा अर्धा निकाल माझेरीला पोचायच्या आतच लागला होता. रस्त्याची भीती संपली. उरली ती दुसरी, जी मी घरी बोलून दाखवली नव्हती.

बिरवाडीवरून महाडात शिरेपर्यंत दहा वाजले. घाटावरची थंडी कुठच्या कुठं गेली, शर्ट पाठीला चिकटला. खोलीचा मालक जोहरनंतर भेटणार होता, म्हणून आधी चवदार तळ्यावर गेलो. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी इथलं पाणी ओंजळीत घेतलं हे तिला शाळेपासून माहीत होतं. मी तिला पुढचं सांगितलं. त्या दिवशी सत्याग्रहींवर हल्ला झाला तेव्हा त्यांतल्या काहींना महाडच्या मुसलमानांनी घरात आसरा दिला. डिसेंबरात पुन्हा परिषद घ्यायची ठरली तर मंडपाला जागा कुणी देईना. तेव्हा फत्तेखान नावाच्या एका मुसलमान माणसानं आपली जमीन दिली. मनुस्मृतीचं दहन झालं ते त्याच परिषदेत.

ती पायरीवर बसून पाण्याकडं बघत होती. म्हणाली, "त्यानं जमीन देताना नाव सांगितलंच असेल ना?"

सकाळपासून त्या विषयावर ती पहिल्यांदा बोलली, आणि एवढंच बोलली.

जोहरची वेळ झाली. मी मशिदीत गेलो. घाट उतरला की नमाज थोडी बदलते, हे वरच्या मंडळींना पहिल्यांदा आल्यावर जाणवतं. आम्ही देशावरचे बहुतेक हनफी, कोकणातले मुसलमान शाफई. ते रुकूत जाताना आणि उठताना हात कानापर्यंत नेतात, आम्ही फक्त सुरुवातीला. त्यांची असर आमच्या आधी होते, कारण सावली मोजायचा हिशोब वेगळा. आम्ही घरात दखनी बोलतो, ते कोकणी बोलतात, जी ऐकताना मराठीच वाटते. एकच धर्म, आणि मध्ये एक घाट. वजू करताना शेजारच्या म्हाताऱ्यांनी मला ओळखलंच. "घाटी काय?" असं हसून विचारलं. मीही हसून हो म्हटलं. तिथं मला पूर्ण नाव सांगायला काही वाटलं नाही. त्यांनी विचारलंही नव्हतं.

बाहेर आलो तेव्हा ती गाड्यांपाशी नव्हती. त्या मशिदीत बायकांना जागा नाही, त्यामुळं ती बाहेरच राहणार हे मी गृहीतच धरलं होतं. आता उन्हात एकट्या उभ्या असलेल्या दोन गाड्या बघून मला कसंसंच झालं. तिची सोबत करायला म्हणून एवढा घाट उतरून आलो, आणि सोबतीची पहिली खरी वेळ आली तेव्हा तिला रस्त्यावर उभी करून आत गेलो. एरवी परक्यांच्या नजरेचा हिशोब मांडणारा मी, हा आपल्या घरचा हिशोब कधी मांडलाच नव्हता.

ती पंधरा मिनिटांनी आली. खोली बघून, ठरवूनच आली होती.

"एकटीच गेलीस?"

"तुम्ही आत होता. मालकांचा फोन आला, लवकर या म्हणाले."

मी विचारलं की त्यांना कळलंय का. काय कळलंय, ते उच्चारायची गरज नव्हती.

"फोनवर पहिल्या वाक्यातच पूर्ण नाव सांगते मी," ती म्हणाली. "दोघांनी 'कळवतो' म्हणून कळवलं नाही. यांनी विचारलं, पाण्याची मोटर लावता येते का. अब्बा, नाव आधी सांगितलं की वेळ वाचतो. नाहीतर माणूस आधी खोली दाखवणार, चहा देणार, मग नाव ऐकून गप्प होणार. ते जास्त लागतं."

मी तीस वर्षं नाव मागं ठेवून जे वाचवत होतो, त्याचा तिनं दोन वाक्यांत वेगळा हिशोब करून दाखवला. मला तो लगेच पटला असं नाही. खोली मिळणं आणि रात्री अडवलेल्या एसटीत बसलेलं असणं यात फरक आहे. १९९३ तिनं पाहिलेलं नाही. पण मी तेही बोललो नाही, कारण सकाळची भजीची बशी माझ्या डोळ्यांसमोर होती.

जेवून पोलादपूरला आलो आणि डावीकडं महाबळेश्वरच्या रस्त्याला लागलो. चाळीसेक किलोमीटर, त्यातला बराचसा घाट. कापडे मागं टाकलं की झाडी दाट होते. खाली सावित्रीचं खोरं आणि वर ती जिथून निघते तो महाबळेश्वरचा डोंगर. सकाळी नीरेचा उगम मागं टाकून उतरलो होतो, आता सावित्रीच्या उगमाकडं चढत होतो. आता मी पुढं होतो. परतीला माणूस निवांत होतो, आणि तिथंच चुकतो.

एका डाव्या वळणावर वरून एक गाडी वळण कापत माझ्या बाजूला आली. मी कडेला घेतलं. कडेला पावसाळ्यात वाहून आलेली बारीक खडी होती. पुढचा ब्रेक दाबला गेला. खडीवर पुढचा ब्रेक दाबू नये हे मी भोरमधल्या प्रत्येक पोराला सांगत आलो आहे. चाक निसटलं आणि मी गाडीसकट डाव्या अंगावर पडलो. वेग नव्हता म्हणून कोपर आणि गुडघ्यावरच निभावलं. वरून आलेली गाडी थांबली नाही.

थांबला तो गवताचे भारे भरलेला एक टेम्पो. त्यातून दोघं उतरले, एक साठीचे, डोक्याला टॉवेल गुंडाळलेले, आणि एक तरुण. त्यांनी आधी गाडी उचलली, मग मला कठड्यावर बसवलं. म्हाताऱ्यांनी पाण्याची बाटली दिली.

"कुठलं पावणं?"

"भोरचे," मी म्हटलं, आणि सवयीनं आडनाव सांगितलं. कोपरातून रक्त येत होतं, पण सवय जागी होती.

तेवढ्यात ती मागून आली. गाडी कशीबशी स्टँडला लावून धावतच आली. "अब्बा! हात हिलाके देखो. दुखताय क्या?"

घाबरल्यावर माणूस घरची भाषा बोलतो.

म्हाताऱ्यांनी एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. तो तरुणही थांबला. फार तर दोन-तीन सेकंद गेले असतील. त्या दोन-तीन सेकंदांसाठीच मी आयुष्यभर तयारी करत आलो आहे.

"मुसलमान काय?" त्यांनी विचारलं. आवाज कसाच नव्हता, ना चांगला ना वाईट.

मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "हो." आणि तिचं नाव सांगितलं, माझं सांगितलं, पूर्ण.

"बरं," ते म्हणाले. "क्लचचा लिव्हर वाकलाय तुमच्या बाबांचा. त्यो आधी बघू. ह्यावर गिअर टाकत घाट नाही चढायचा."

तरुणानं टेम्पोतून पाना आणला. लिव्हर सरळ करायला गेलं तर तुटतो, म्हणून त्यानं तो तसाच ठेवून क्लॅम्प सैल केला आणि दोन बोटांत येईल असा फिरवून दिला. म्हाताऱ्यांनी माझं कोपर धुतलं. निघताना सांगितलं, "सहाच्या आत महाबळेश्वर गाठा. वर धुकं उतरलं की वळण दिसत नाही." पैशांचं मी विचारलंच नाही, त्यांच्या चेहऱ्यावरून विचारायला नको हे कळत होतं.

याचा अर्थ सगळे असेच असतात, असं मला म्हणायचं नाही. सकाळचे गृहस्थही याच रस्त्यावरचे होते, आणि तेही आधी कौतुकच करत होते. शिवाय त्या दोन-तीन सेकंदांत म्हाताऱ्यांच्या मनात काय येऊन गेलं हे मला माहीत नाही. काही तरी आलंच असेल. पण त्यांनी जो निर्णय केला तो माझं नाव ऐकून केला. सकाळच्या गृहस्थांचा जिव्हाळा दुसऱ्याच कुणासाठी होता, माझ्यासाठी नव्हता. आयुष्यभर मला प्रवासात जो चांगुलपणा मिळाला, त्यातला किती माझ्या नावावर होता आणि किती त्या दुसऱ्याच्या, हे मला आता कधीच कळणार नाही. भीतीनं माझं एवढं नुकसान केलं आहे, हे त्या कठड्यावर बसून पहिल्यांदा लक्षात आलं.

वाडा कुंभरोशीला चहासाठी थांबलो. इथूनच प्रतापगडचा फाटा. नोव्हेंबर असल्यानं शिवप्रतापदिनाचे फलक लागले होते. मी नेहमीच्या सवयीनं सुरू केलं की महाराजांबरोबर त्या दिवशी निवडलेल्या दहा जणांत सिद्दी इब्राहिम होता, आणि खानाचा वकील कृष्णाजी भास्कर होता. तिनं कप खाली ठेवला.

"हे खरं आहे, अब्बा. पण चहा प्यायला प्रत्येक वेळी सिद्दी इब्राहिमची साक्ष कशाला काढायची?"

मी हसलो. कोपर दुखलं. चहावाल्यानं दहा-दहा रुपये घेतले आणि नाव विचारलं नाही. बहुतेक लोक विचारतच नाहीत. ज्याच्या मनात तो प्रश्न चोवीस तास असतो, तो मीच.

महाबळेश्वर साडेपाचच्या आत गाठलं. पसरणी घाटात सूर्य बुडाला आणि धोमच्या पाण्यावर शेवटचा उजेड दिसला. वाईत माझ्या चुलत बहिणीकडं उतरलो. बहिणीनं हळद लावली, मग तिच्या पुढच्या खोलीत चटया टाकून आम्ही सगळ्यांनी मगरिब पढली, पुरुष पुढं, बायका मागं, एकाच छताखाली. सलाम फेरल्यावर मी मागं वळून बघितलं, तर पोरगी तिथंच बसून दुआ मागत होती. दुपारी तिची जोहर कुठं झाली, की झालीच नाही, हे मी अजून विचारलेलं नाही.

मांढरदेवीचा घाट अंधारात पार केला. तिनं मला पुढं जाऊ दिलं नाही. तिच्या गाडीचा दिवा माझ्यापेक्षा चांगला, म्हणून ती पुढं आणि मी तिच्या मागच्या लाल दिव्यावर नजर ठेवून मागं. तो दिवा वळला की मी वळायचो, तो लाल झाला की मी ब्रेकला हात लावायचो. भोरचे दिवे दिसेपर्यंत असंच चाललं.

घरी तिच्या अम्मीनं कोपर बघितलं आणि काय समजायचं ते समजली. तरी विचारलं, "मग? कसा आहे रस्ता?"

मी सांगितलं, "वरंध्यानं यावं. पावसाळ्यात एसटी. अंधार पडला असेल तर निघायचं नाही, मुक्काम करायचा. गाडी तिला माझ्यापेक्षा बरी येते."

"आणि बाकीचं?"

बाकीचं म्हणजे काय, ते तिलाही उच्चारावं लागलं नाही. मी म्हटलं, "त्याचं ती बघते. मला वाटलं होतं त्यापेक्षा बरं बघते."

आता ती दर शनिवारी येते. निघताना आणि खिंडीत पोचल्यावर फोन करते. वाघजाईला ती चहा घेते, तिथल्या मावशींना आता तिचं नाव पाठ आहे. माझी सवय गेली असं सांगितलं तर ते खोटं होईल. परवाच पुण्याला जाताना शेजारच्या प्रवाशानं विचारलं, आणि माझ्या तोंडातून पुन्हा आडनाव तेवढं गेलं. कापूरहोळ येईपर्यंत मी खिडकीतून बाहेर बघत बसलो. मग त्यांच्याकडं वळून पूर्ण नाव सांगितलं. ते म्हणाले, "अच्छा," आणि पिशवीतून शेंगा काढून पुढं केल्या.